लिपस्टिक पाम तीन वर्षांचा झाला, पण लाल व्हायचं नाव घेत नाही

भुईमोगरा :
नमस्कार मंडळी. मातीत हात घालून बरीच वर्षं झाली, पण पामच्या बाबतीत माझी पाटी कोरीच आहे. तीन वर्षांपूर्वी हौसेनं लिपस्टिक पामचं वीतभर रोप आणलं. ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी: पोफळीला शेंड्याखाली जो गुळगुळीत हिरवा दांडा असतो ना, तसाच दांडा, पण भडक लाल. देठही लाल. वर गडद हिरव्या झावळ्या. पहिल्यांदा पाहिलं की कुणीतरी ब्रश घेऊन रंगवून ठेवलंय असंच वाटतं.

माझं रोप आता गुडघ्याच्या थोडं वर आलंय. एकूण सहा पानं. वर्षाला दोन, फार तर तीन नवी येतात आणि एखादं जुनं वाळतं. देठ हिरवेच. लाल सोडा, गुलाबीसुद्धा नाही. शिवाय प्रत्येक पातीचं टोक तपकिरी होऊन करपतं. मी ते कात्रीनं नीट कापते, महिन्याभरात पुन्हा तेच. सकाळचं दोन तास ऊन, एक दिवसाआड पाणी, महिन्यातून एकदा मूठभर गांडूळखत. इतके लाड माझ्या गुलाबांचेही होत नाहीत.

मला भलतंच रोप मिळालंय का? की ऊन कमी पडतंय? जाणकारांनी सांगावं.

खोडसाळ_खोड :
समोर आरसा ठेवून बघा. आपण अजून हिरवेच आहोत हे कळलं की लाजेनं लाल होईल.

शेंडेफळ :
वाचनखूण साठवली. माझ्याकडेही एक 'लिपस्टिक' आहे आणि तोही हिरवाच. आजवर बोललो नव्हतो कारण घरात टोमणे आधीच भरपूर मिळतात.

पाणथळ :
आधी ओळखपरेड करू, रंगाचं मग बघू. एक झावळी हलकेच उलटी करा. पातीची वरची बाजू गडद हिरवी आणि खालची करडट, राखेचा हात फिरवल्यासारखी दिसते का? दिसत असेल तर तो सिर्टोस्टॅकिस रेंडा, म्हणजे शास्त्रीय नावानं खरा लिपस्टिक पाम, असण्याची शक्यता बरीच. दोन्ही बाजू सारख्याच हिरव्या आणि देठ पिवळसर असतील तर तो बहुधा नेहमीचा, दिवाणखान्यातला अरेका पाम. (अवांतर: ज्याला सगळे अरेका म्हणतात तो मुळात अरेका नाहीच, तो मादागास्करचा पाहुणा. खरा अरेका म्हणजे आपली पोफळ.)

समजा रेंडाच आहे. मग त्याचं माहेर समजून घ्या, निम्मे प्रश्न तिथेच सुटतात. दक्षिण थायलंड, मलय द्वीपकल्प, सुमात्रा, बोर्निओ. तेही डोंगरात नाही, तर सखल भागातल्या पीटच्या दलदलीत, जिथं हजारो वर्षांचा न कुजलेला पाचोळा पाण्याखाली साठलेला असतो आणि पाणी कोऱ्या चहासारखं काळपट, आम्ल असतं. हवा बारा महिने दमट, थंडी हा प्रकारच नाही. अशा झाडाला तुम्ही एक दिवसाआड पाणी देताय. त्याच्या हिशेबानं तो तीन वर्षं दुष्काळात आहे!

माझी मोठी कुंडी पाण्याच्या टबात उभी असते. कायम. चार बोटं पाणी.

करडी_माती :
पाणथळकाका, आदर आहे, पण टबाचा सल्ला सरसकट देऊ नका. मी हाच सल्ला कुठंतरी वाचून दोन रोपं घालवली आहेत. पहिलं मधल्या कोंबापासून गेलं. कोंब धरून जरा वर ओढला तर अलगद हातात आला, बुडाशी पांढरट लिबलिबीत, आणि असा वास की दोन दिवस हाताचा गेला नाही. दुसरं मुळांपासून कुजलं. पामला शेंडा एकच. तो गेला की त्या खोडाचा ग्रंथ आटोपला, बाजूनं फांदी फुटत नाही.

पाणथळ :
रोपं गेली तेव्हा ऋतू कोणता होता? आणि माती काय होती?

करडी_माती :
हिवाळा. माती बागेतलीच, चिकण, थोडं शेणखत घातलेलं.

पाणथळ :
मग पाण्यावर आळ घेऊ नका. ओलं आणि गरम त्याला चालतं, ओलं आणि गार चालत नाही. पारा १५ अंशांच्या खाली गेला की त्याची वाढ ठप्प होते, मुळं पाणी ओढायचं थांबवतात. १० च्या खाली पानांवर डाग पडायला लागतात. अशा वेळी पाण्यात उभा ठेवला तर कुजणारच. मी थंडीत टब रिकामा करतो, कुंडी विटांवर चढवतो आणि माती नुसती ओलसर ठेवतो.

दुसरं, चिकणमाती पाण्यात बसली की तिच्यात हवा उरत नाही. दलदलीतला पाचोळा स्पंजासारखा असतो, पाण्यात असूनही पोकळ. माझ्या मिश्रणात बागेतली माती चिमूटभरही नसते. धुतलेलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), सालीचे तुकडे, जाड वाळू, थोडा कोळसा. 'धुतलेलं' हा शब्द महत्त्वाचा आहे. कोकोपीटमध्ये क्षार असतात, दोनतीन पाण्यांतून पिळून काढल्याशिवाय वापरू नका.

करडी_माती :
चिकणमातीचं मान्य. पण मग "चार बोटं पाणी, कायम" असं लिहू नका ना काका. नवीन माणूस 'कायम' वाचतो आणि थांबतो.

पाणथळ :
बरोबर. तो शब्द मागे घेतो.

खोडसाळ_खोड :
या संस्थळावर कुणीतरी शब्द मागे घेतला! तारीख लिहून ठेवा रे.

अर्धवट_माळी :
ओळखपरेडीवरून माझी फजिती सांगतो. माझ्याकडच्या 'लिपस्टिक'ला पहिलं पान आलं ते अख्खं लालभडक. मी इथं फोटो टाकला, सगळ्यांनी वाहवा केली, मी दोन दिवस हवेत. दहाएक दिवसांत पान हिरवं. पुढचं पान पुन्हा लाल, पुन्हा हिरवं. मला वाटलं झाडाला कावीळ-बिवीळ होतेय. शेवटी इथल्याच एका जुन्या सदस्यानं सांगितलं की हा शांबेरोनिया, न्यू कॅलेडोनियाचा. त्याचं कोवळं पान लाल येतं आणि जून झालं की हिरवं होतं. दांडा कधीच लाल होणार नाही. खऱ्या रेंडाचं उलट: पानं हिरवी, देठ आणि दांडा लाल, आणि तो लाल टिकाऊ.

आता मला माझा शांबेरोनियाच जास्त आवडतो, हे वेगळं. कटकट कमी.

भुईमोगरा :
सगळ्यांचे आभार, आणि पाणथळकाकांना दंडवत. आत्ताच बॅटरी घेऊन बाहेर जाऊन आले. पाती उलटी केली. खालची बाजू खरंच करडी आहे! बोटानं पुसून पाहिली, धूळ असेल म्हणून. पुसली जात नाही. म्हणजे रोप अस्सल दिसतंय. पण मग रंग?

कासवगती :
आता माझी पाळी. मी रेंडा बियांपासून वाढवलाय, त्यामुळे संयम या विषयात डॉक्टरेट आहे.

बी जेमतेम वाटाण्याएवढं, त्याहूनही लहान. फळ पिकून काळं झालं की लगेच गर काढून पेरायचं. बी वाळलं की मेलं. त्यामुळे पाकिटात बंद, महिनोन्‌महिने पडून राहिलेल्या बियांच्या वाटेला जाऊ नका, आणि 'निळ्या लिपस्टिक पामच्या बिया' दिसल्या तर हसून पुढे जा. मी ताज्या पन्नास बिया ओलसर कोकोपीटमध्ये मिसळून पारदर्शक डब्यात झाकून ठेवल्या. ऊब २८-३० अंशांची. पहिली बी उगवली अडीच महिन्यांनी. शेवटची उगवली तेव्हा मी डबा फेकायला निघालो होतो, सात महिने झाले होते. पन्नासातल्या एकोणीस आल्या.

पहिलं पान दोन फाट्यांचं, माशाच्या शेपटीसारखं. झावळीसारखं चिरलेलं पान यायला पुढे बराच काळ. रंगाचं म्हणाल तर एकोणीस रोपांत एकोणीस तऱ्हा! दोघांच्या देठाच्या बुडाशी तिसऱ्या वर्षी तांबूस छटा आली, बहुतेकांना चार-पाच वर्षं लागली, आणि एक पठ्ठ्या सहाव्या वर्षीही मातकट नारिंगीच आहे. एकाच झाडाच्या बिया, एकच पाणी, एकच जागा. तेव्हा भुईमोगरा, तुमचं रोप उशिरा आलेलं नाही, तुम्ही लवकर विचारताय.

शेंडेफळ :
सहा वर्षं! एवढ्यात माझी मुलगी शाळेत जायला लागली.

कासवगती :
आणि ती शाळा संपवेल तेव्हा हा कुठं माणसाच्या उंचीच्या वर गेला असेल. माहेरी तो १० मीटरच्या आसपास जातो, पण त्या झाडांना कुणी घाई केलेली नसते.

उन्हाळी_सुट्टी :
मला नाही पटत. रंग उन्हाचाच खेळ आहे. माझं रोप सावलीत हिरवट होतं, भर उन्हात हलवलं आणि वर्षभरात देठ लाल.

कासवगती :
हलवलंत तेव्हा वय काय होतं?

उन्हाळी_सुट्टी :
पाच वर्षं असेल... बरं बरं, कळलं कुठं नेताय ते.

पाणथळ :
दोघांचंही थोडंथोडं खरं आहे. गडद सावलीत रंग फिका राहतो. पण लहान रोप एकदम दुपारच्या उन्हात ठेवलं तर पानं भाजतात, आणि भाजलेलं पान पुन्हा हिरवं होत नाही. लहानपणी गाळलेलं ऊन, वय वाढेल तसं जास्त. आणि ऊन वाढवाल त्या प्रमाणात पाणी वाढवा. कोरड्या मुळांवर कडक ऊन म्हणजे शिक्षा.

हरितद्रव्य :
रंगावर सगळे बोललात, करपलेल्या टोकांकडे कुणीच बघितलं नाही. मला खरा प्रश्न तोच वाटतो.

भुईमोगरा, तीन गोष्टी सांगा. पाणी कुठलं देता? कुंडीच्या काठावर पांढरा थर दिसतो का? आणि सगळ्यात खालच्या, म्हणजे जुन्या पानांवर पिवळट-नारिंगी ठिपके आहेत का? पान उजेडासमोर धरून बघा.

भुईमोगरा :
पाणी बोअरवेलचं, चांगलं जड आहे. किटलीत पापुद्रे धरतात. कुंडीच्या काठावर पांढरा थर आहे, नखानं खरवडला तर खडूसारखी भुकटी निघते. मला वाटायचं ती कुंडीच जुनी झालीय. ठिपके आहेत, सगळ्यात खालच्या दोन पानांवर. उजेडासमोर धरले की तेवढ्याच जागी पान तेलकट कागदासारखं दिसतं.

हरितद्रव्य :
झालं, निदान तुम्हीच केलंत. दोन दुखणी एकत्र आहेत.

पहिलं, क्षार. आम्ल पाण्यातल्या झाडाला तुम्ही तीन वर्षं चुनखडीचं पाणी पाजताय. क्षार मातीत साठतात, मुळांना पाणी ओढता येत नाही आणि पातीची टोकं करपतात. पावसाचं पाणी साठवा. तोवर कुंडीतून भरपूर पाणी वाहून जाऊ द्या, म्हणजे साठलेलं थोडं धुऊन निघेल.

दुसरं, पालाश (पोटॅश) कमी. ते तेलकट ठिपके त्याचेच. पालाश कमी पडलं की झाड जुन्या पानातलं काढून नव्या कोंबाला देतं. म्हणून जुनी पानं पिवळी दिसली तरी पूर्ण वाळेपर्यंत कापू नका. तुम्ही कापता तेव्हा झाडाची शिदोरीच कचऱ्यात टाकता. पामच्या खतात स्फुरद (फॉस्फरस) कमी आणि पालाश जास्त हवं. नत्र, स्फुरद, पालाश ८-२-१२ आणि सोबत ४ टक्के मॅग्नेशियम, असं हळूहळू विरघळणारं खत पामसाठी चांगलं मानतात. आधी क्षार धुऊन घ्या, मग खत, तेही अगदी थोडं. गांडूळखत चालू ठेवा, पण त्याच्यावर विसंबू नका.

आणि ठिपके जुन्या पानांवर न येता नवीच पानं फिकट पिवळी यायला लागली, तर ते लोहाचं दुखणं. जड पाण्यात किंवा मुळं गुदमरली की लोह मातीत असूनही झाडाला घेता येत नाही.

भुईमोगरा :
शिदोरी कचऱ्यात! तीन वर्षं मी कात्री घेऊन त्याची शिदोरी पळवतेय. वाईट वाटलं हो खरंच.

खोडसाळ_खोड :
आता कळलं लाल का होत नाही ते. भीतीनं पांढरा पडलाय.

झावळी_१९ :
थोडं अवांतर, चालेल ना? मला याच्या नावांची गंमत वाटते. इंग्रजीत याला सीलिंग वॅक्स पामही म्हणतात, म्हणजे पत्रांवर मोहोर लावायच्या लाखेचा पाम. मलय भाषेत पिनांग राजा. पिनांग म्हणजे सुपारी, आणि राजा आपल्याकडून गेलेला. म्हणजे आपण सहज 'राजपोफळी' म्हणू शकतो! कार्ल ब्लूम यांनी १८३८ मध्ये याला शास्त्रीय नाव दिलं. त्याच्या वंशातली बाकीची भावंडं बहुतेक न्यू गिनीकडची, हाच एक एवढ्या पश्चिमेला. सिंगापूरच्या वनस्पती उद्यानाच्या बोधचिन्हावरही हाच आहे. ते उद्यान १८५९ चं, २०१५ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत गेलं.

शेंडेफळ :
'राजपोफळी' झकास. आजपासून हाच शब्द वापरणार. घरी 'लिपस्टिकला पाणी घातलंस का' असं ओरडलं की पाहुणे बघायला लागतात.

पाणथळ :
अवांतरात माझीही भर. त्या पीटच्या दलदली आता चर खणून कोरड्या केल्या जातात, लाकडासाठी आणि तेलताडाच्या लागवडीसाठी. तेलताड मूळचा पश्चिम आफ्रिकेचा. म्हणजे एका पामनं दुसऱ्याचं घर घेतलं. कोरडं पडलेलं पीट पेटलं तर जमिनीखाली आठवडेच्या आठवडे धुमसत राहतं. म्हणून जंगलातून उपटून आणलेली मोठी झाडं कुणी देऊ केली तर घेऊ नका. बागेतल्या झाडांच्या बिया आणि फुटवे आहेत की.

बागुलबुवा :
फुटव्यांवरून आठवलं. हा पाम बुडाशी फुटवे काढतो, बेट करतो. फुटवा वेगळा करायचा मोह मला दोनदा झाला. पहिल्यांदा सरळ कोयत्यानं तोडून लावला, पंधरा दिवसांत खल्लास. दुसऱ्यांदा अक्कल आली होती. स्वतःची मुळं असलेला, मांडीएवढा उंच फुटवा निवडला. भर उन्हाळा संपून हवा दमट झाली तेव्हा आईपासूनचा जोड धारदार सुरीनं कापला, पण फुटवा जागचा हलवला नाही. चार महिने तिथेच ठेवला. मग मुळांच्या गोळ्यासकट उचलला, निम्मी पाती कापली आणि वर मोठी पारदर्शक पिशवी घातली. तो जगला. आई मात्र त्या वर्षी एकच पान देऊन रुसून बसली.

मासोळी :
टबात कुंडी ठेवणाऱ्यांनी डासांचं काय केलं?

पाणथळ :
गप्पी मासे सोडले. अळ्या खातात.

मासोळी :
आणि मग?

पाणथळ :
मग काय. सहा सोडले होते, आता मोजता येत नाहीत. पामला वर्षात तीन पानं आली, गप्पींच्या किती पिढ्या झाल्या देव जाणे. शेजारी मासे बघायला येतात, पामकडे कुणी ढुंकून बघत नाही. थंडीत टब रिकामा करायच्या वेळी त्यांच्यासाठी वेगळी टाकी आणावी लागली. एका झाडापायी दोन संसार!

गारठा :
आमच्याकडे बाहेर बर्फ. माझी राजपोफळी हिवाळाभर न्हाणीघरात राहते. वर दिवा लावलाय आणि आंघोळीची वाफ फुकट मिळते. पहिल्या वर्षी हीटरजवळ बैठकीत ठेवली होती. कोरड्या हवेनं पानांच्या पाठीमागे लाल कोळी झाले, पानं धूळ बसल्यासारखी निस्तेज दिसायला लागली. भिंगातून पाहिलं तर बारीक जाळी. आता दर आठवड्याला पाठीमागून ओल्या फडक्यानं पुसते. लाल झालीय का विचारू नका. पण नऊ वर्षं जगलीय, आमच्यासाठी तेवढंच पुष्कळ.

करडी_माती :
नऊ वर्षं न्हाणीघरात! मी दोन घालवून गप्प बसलो होतो, आता तिसरं आणतो. या वेळी चिकणमाती नाही.

भुईमोगरा :
पाच महिन्यांनी धागा वर काढतेय, माफ करा. हकिगत सांगायची राहिली होती.

तुम्ही सांगितल्यावर कुंडी बदलायला घेतली. रोप बाहेर काढलं तर वरची दोन बोटं माती ओली आणि आतला गोळा कोरडा ठणठणीत! मी घातलेलं पाणी कडेकडेनं खाली जात होतं, आत शिरतच नव्हतं. बादलीत बुडवला तर अर्धा तास नुसते बुडबुडे येत होते. मुळं मोकळी करायचा मोह आवरला, गोळा तसाच ठेवून भोवती नवं मिश्रण भरलं. पाणी पावसाचं. टबही केला, पण दोनच बोटं पाणी, आणि थंडी आली की काढणार. कात्री कपाटात कुलूपबंद.

पहिले दोन महिने काही नाही. मग एक कोंब आला, आणि तो उलगडायच्या आत दुसरा दिसायला लागला. असं आजवर कधी झालं नव्हतं. नव्या पानाची टोकं स्वच्छ आहेत.

आणि आता ऐका. काल सगळ्यात खालचं पान पूर्ण वाळलं होतं, हात लावला तर देठासकट सुटून आलं. त्याच्या आत झाकलेला भाग उघडा पडला. बुडाशी करंगळीएवढ्या रुंदीचा पट्टा, तांब्याच्या भांड्याला चिंच लावायच्या आधी जो रंग असतो तसा. लाल नाही म्हणता येणार. पण हिरवाही नाही! घरात सगळ्यांना बोलावून दाखवला. कुणालाच दिसला नाही.

कासवगती :
आम्हाला दिसला. असाच सुरू होतो.

शेंडेफळ :
माझा उपटून पाहिला. माझाही आत कोरडा निघाला! आणि पातीच्या खाली करडं-बिरडं काही नाही, देठ पिवळे. म्हणजे अरेका. तीन वर्षं टोमणे फुकट खाल्ले.

खोडसाळ_खोड :
शेंडेफळ, त्यालाच थोडी लिपस्टिक लावून टाक. टोमणे बंद.

भुईमोगरा :
एक शेवटचा प्रश्न राहिला. बुडाशी मातीतून एक टोकदार हिरवं टोक वर आलंय, पेन्सिलीच्या टोकाएवढं. फुटवा असेल का? वेगळा करू का?

बागुलबुवा :
हात मागे! चार वर्षांनी विचारा.